व्हर्च्युअल मशीनला दिसणारी मायक्रोकोड आवृत्ती

लिनक्स चालणाऱ्या एखाद्या व्हर्च्युअल मशीनमध्ये '/प्रॉक/सीपीयूइन्फो' ही फाइल उघडली, तर प्रोसेसरचे नाव, मॉडेल आणि स्टेपिंग यांच्याखाली 'मायक्रोकोड' अशी एक ओळ दिसते. त्या ओळीतला आकडा बऱ्याचदा '०एक्स१' असतो. त्याच यंत्राच्या होस्टवर तीच फाइल उघडली, तर तिथे '०एक्सएफ०' किंवा असाच काही मोठा आकडा असतो. प्रोसेसर तर एकच आहे, मग आकडे दोन कसे? आणि गेस्टमधला '१' पाहून आपले मशीन असुरक्षित आहे असे समजायचे का? दरवर्षी प्रयोगशाळेत कोणी ना कोणी हा प्रश्न घेऊन येतेच. या पाठात त्याचे उत्तर पाहू, आणि तो आकडा हवा तसा कसा ठरवता येतो, तो केव्हा ठरवावा व केव्हा त्याला हात लावू नये, हेही पाहू.

वाचण्यापूर्वी एक सूचना. या पाठात आज्ञा, फाइलींची नावे आणि पर्याय उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत; संगणकावर टाइप करताना ते नेहमीप्रमाणे रोमन लिपीतच द्यायचे. '०एक्स' ने सुरू होणारी संख्या षोडशमान पद्धतीतली आहे. तिच्यातली ए ते एफ ही अक्षरे दहा ते पंधरा या किमती दाखवतात.

मायक्रोकोड म्हणजे काय

प्रोसेसरच्या काही सूचना थेट तारांच्या जोडणीतून पार पडतात, तर काही गुंतागुंतीच्या सूचना प्रोसेसरच्याच पोटातल्या एका बारीक प्रोग्रामकडे सोपवलेल्या असतात. हा प्रोग्राम म्हणजे मायक्रोकोड. मॉरिस विल्क्स यांनी १९५१ मध्ये ही कल्पना मांडली आणि आयबीएमच्या सिस्टिम/३६० मालिकेने १९६४ पासून ती व्यवहारात रुळवली. आपल्या विषयासाठी महत्त्वाचे वर्ष मात्र १९९५. त्याच्या आदल्या वर्षी पेंटियम प्रोसेसरच्या भागाकारातली चूक उघड झाली होती. ती चिपमध्येच कोरलेली असल्याने चिप बदलून देण्याखेरीज उपाय नव्हता, आणि त्यासाठी इंटेलला ४७.५ कोटी डॉलरचा खर्च हिशेबात धरावा लागला. १९९५ च्या अखेरीस आलेल्या पेंटियम प्रोमध्ये मायक्रोकोडवर बाहेरून ठिगळ लावण्याची सोय होती. तेव्हापासून प्रोसेसरमधल्या कित्येक चुका विक्रीनंतरही दुरुस्त करता येतात.

हे ठिगळ कायमचे नसते. ते प्रोसेसरच्या आतल्या छोट्या स्मृतीत बसते आणि वीज गेली की पुसले जाते. म्हणून दर वेळी यंत्र सुरू होताना आधी बायोस ते चढवते, आणि कर्नलजवळ त्याहून नवी प्रत असेल तर कर्नल ती चढवतो. प्रत्येक ठिगळाला एक आवृत्ती क्रमांक असतो. आपण ज्या आकड्याबद्दल बोलत आहोत तो हाच.

हा आकडा कुठून वाचला जातो

प्रोसेसरमध्ये मॉडेल-विशिष्ट रजिस्टरे असतात, त्यांना थोडक्यात एमएसआर म्हणतात. त्यातले ०एक्स८बी क्रमांकाचे रजिस्टर आवृत्ती सांगते. इंटेलवर वाचण्याची रीत थोडी विचित्र आहे : आधी या रजिस्टरमध्ये शून्य लिहायचे, मग सीपीयूआयडी ही सूचना १ या पानासाठी चालवायची, आणि नंतर रजिस्टर वाचायचे. उत्तर ६४ बिटांचे येते आणि आवृत्ती त्याच्या वरच्या ३२ बिटांत असते. एएमडीने रजिस्टरचा क्रमांक तोच ठेवला, पण आवृत्ती खालच्या ३२ बिटांत ठेवली. हा वरच्या-खालच्याचा फरक लक्षात ठेवा. पुढे तो हमखास घोळ घालतो.

आता गेस्टचा विचार करू. गेस्टमधल्या कर्नलने हे रजिस्टर वाचायला घेतले, की नियंत्रण प्रोसेसरकडून हायपरवायझरकडे येते. गेस्टला खरे रजिस्टर दाखवायचे की एखादे ठरवलेले उत्तर द्यायचे, हे हायपरवायझर ठरवतो. केव्हीएम बरीच वर्षे ठरावीक उत्तरच देत असे. इंटेलच्या गेस्टला वरच्या अर्ध्या भागात १, म्हणजे आवृत्ती '०एक्स१'. एएमडीच्या गेस्टला '०एक्स१००००६५'. होस्टवर खरे काय चढवले आहे याच्याशी या आकड्यांचा काडीचाही संबंध नव्हता. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीने वेगळाच मार्ग निवडला. तिथे गेस्टला '०एक्सएफएफएफएफएफएफएफएफ' दिसते, म्हणजे ३२ बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या. तुमच्या विंडोज लॅपटॉपवर डब्ल्यूएसएल-२ असेल, तर तिथल्या लिनक्समध्ये आत्ताच हा आकडा पाहून घ्या. 'आवृत्ती अमुक किंवा त्याहून नवी आहे का' अशी कोणतीही तपासणी या आकड्यासमोर आपोआप उत्तीर्ण होते. केव्हीएमच्या '१' समोर तीच तपासणी आपोआप नापास होते. दोन्ही आकडे बनावटच आहेत, मात्र त्यांचे परिणाम एकमेकांच्या अगदी उलट.

गेस्टने स्वतःच नवा मायक्रोकोड चढवायचा प्रयत्न केला तर? ते होत नाही आणि होऊही नये. मायक्रोकोड भौतिक गाभ्याला लागतो आणि त्या गाभ्यावर पाळीपाळीने अनेक गेस्ट चालत असतात. एका भाडेकरूला साऱ्या इमारतीचे वायरिंग बदलू देण्यासारखेच ते होईल. म्हणून केव्हीएम गेस्टचे असे लेखन मुकाट्याने गिळून टाकतो. लिनक्सचा लोडरही सीपीयूआयडीमधला 'मी हायपरवायझरखाली आहे' हा बिट दिसला की त्या वाटेला जात नाही. तात्पर्य, होस्टचा मायक्रोकोड होस्टच बदलू शकतो. गेस्टला जे दिसते ते फक्त एक उत्तर असते.

बनावट आकड्याने २०१८ मध्ये काय केले

आकडा बनावट आहे तर राहू दे, कोणाचे काय बिघडते, असे वाटेल. २०१८ पर्यंत फारसे बिघडतही नव्हते. त्या वर्षी ३ जानेवारीला स्पेक्टर आणि मेल्टडाउन हे दोष जाहीर झाले. स्पेक्टरच्या एका प्रकाराला आवर घालण्यासाठी प्रोसेसरला नव्या क्षमता हव्या होत्या, आणि इंटेलने त्या मायक्रोकोडमधून पुरवल्या. पण घाईत निघालेल्या या आवृत्त्यांमुळे हॅसवेल आणि ब्रॉडवेल पिढ्यांची यंत्रे अचानक रीबूट होऊ लागली. २२ जानेवारीला इंटेलनेच त्या आवृत्त्या बसवणे थांबवा असे सांगितले.

यावर लिनक्सच्या कर्नलमध्ये एक यादी आली : अमुक मॉडेल, अमुक स्टेपिंग, आणि या आवृत्तीपर्यंतचा मायक्रोकोड खराब. यादीतला मायक्रोकोड सापडला, तर कर्नल स्पेक्टरविरोधी नव्या क्षमता वापरायचेच नाकारायचा. भौतिक यंत्रावर ही तपासणी योग्यच होती. केव्हीएमच्या गेस्टमध्ये मात्र आवृत्ती नेहमीच १, आणि १ ही यादीतल्या प्रत्येक आकड्याहून लहान. म्हणजे होस्टवर सुधारलेला, चांगला मायक्रोकोड असला, हायपरवायझरने त्या क्षमता गेस्टला देऊ केल्या असल्या, तरी गेस्ट 'माझा मायक्रोकोड खराब आहे' असे मानून आपले संरक्षण स्वतःच बंद करणार. सुरक्षेसाठी लिहिलेली तपासणी बनावट आकड्यावर चालली आणि सुरक्षेच्याच मुळावर आली.

दुरुस्ती दोन्ही टोकांनी झाली. गेस्टच्या टोकाला लिनक्सने त्या तपासणीत एक अट घातली : हायपरवायझरचा बिट दिसत असेल तर यादी पाहायचीच नाही. त्या ओळींवरच्या टिप्पणीत लिहिणाऱ्याने मोकळेपणाने मान्य केले आहे की मायक्रोकोडच्या आवृत्तीबाबत हायपरवायझर आपल्याशी खोटे बोलतो हे ठाऊक आहे, तेव्हा त्याच्याकडे योग्य आवृत्ती असेल अशी आशा करणेच बरे. होस्टच्या टोकाला केव्हीएममध्ये त्याच वर्षी बदल झाला : गेस्टला कोणती आवृत्ती दिसावी हे केव्हीएम चालवणाऱ्या प्रोग्रामला ठरवता येऊ लागले. कारणही सरळ होते. सगळे गेस्ट नव्या लिनक्ससारखे समजूतदार नसतात. जे हायपरवायझरचा बिट न पाहताच आवृत्ती तपासतात, त्यांना खरा आकडा दाखवला तर ते चांगल्या क्षमता विनाकारण बंद करणार नाहीत.

आकडा ठरवायचा कसा

केव्हीएम चालवणारा नेहमीचा प्रोग्राम म्हणजे क्यूईएमयू. त्याच्या ५.० या २०२० च्या आवृत्तीपासून '-सीपीयू' या पर्यायात 'यूकोड-रेव्ह' हा गुणधर्म देता येतो. तो दिला नाही तर काय होते ते आधी पाहू, कारण बहुतेकांना तो देण्याची गरजच पडत नाही. '-सीपीयू होस्ट' असे लिहिले, तर क्यूईएमयू होस्टची खरी आवृत्ती केव्हीएमला विचारून गेस्टला दाखवतो. '-सीपीयू हॅसवेल' असे एखादे ठरावीक मॉडेल दिले, तर जुनेच ठरलेले आकडे येतात : इंटेल असेल तर १, एएमडी असेल तर ०एक्स१००००६५. म्हणूनच एकाच होस्टवरच्या दोन व्हर्च्युअल मशीनमध्ये वेगवेगळे आकडे दिसू शकतात आणि तरी दोन्हींमध्ये काहीच चुकलेले नसते.

स्वतः आकडा द्यायचा तर असे लिहायचे : '-सीपीयू होस्ट,यूकोड-रेव्ह=' आणि पुढे संख्या. इथेच तो वरच्या-खालच्या अर्ध्याचा घोळ होतो. 'यूकोड-रेव्ह' मध्ये नुसती आवृत्ती द्यायची नसते, तर ०एक्स८बी या रजिस्टरची संपूर्ण ६४ बिटांची किंमत द्यायची असते. इंटेलच्या गेस्टला '०एक्सएफ०' दाखवायचे असेल, तर तो आकडा वरच्या ३२ बिटांत बसवावा लागतो, म्हणजे '०एक्सएफ०' च्या पुढे आठ शून्ये : ०एक्सएफ०००००००००. नुसते '०एक्सएफ०' दिले, तर ते खालच्या अर्ध्यात जाते, वरचा अर्धा शून्य राहतो, आणि गेस्टला आवृत्ती शून्य दिसते. खरे तर दिसतही नाही; आवृत्ती शून्य असेल तर लिनक्स सहसा 'मायक्रोकोड' ही ओळच छापत नाही. ओळ गायब झाली म्हणून गेस्टमध्ये बिघाड शोधत बसू नका, आधी शून्ये मोजा. एएमडीच्या गेस्टसाठी मात्र आवृत्ती आहे तशीच द्यायची, पुढे शून्ये नकोत.

लिबव्हर्ट वापरणाऱ्यांसाठी आणखी एक सापळा आहे. 'व्हर्श कॅपॅबिलिटीज' या आज्ञेच्या उत्तरात होस्टच्या मायक्रोकोडची आवृत्ती येते, पण दशमान पद्धतीत. तिथे २४० दिसले तर ते ०एक्सएफ० च आहे. तिथला आकडा उचलून '०एक्स२४०' असे लिहिले, तर अस्तित्वातच नसलेली एखादी आवृत्ती गेस्टला दिसू लागेल आणि कोणी तक्रारही करणार नाही.

गेस्टला हा आकडा मशीन सुरू होताना दिला जातो. होस्टवर नवा मायक्रोकोड चढवला, तरी आधीपासून चालू असलेल्या क्यूईएमयूच्या प्रक्रियेला त्याची खबर नसते. गेस्टच्या आतून रीबूट केल्यानेही काही होत नाही, कारण प्रक्रिया तीच राहते. मशीन पूर्ण बंद करून होस्टकडून पुन्हा सुरू करावे लागते.

पाटी आणि दुकान

आता मुख्य मुद्दा. 'यूकोड-रेव्ह' ने मायक्रोकोड बदलत नाही. दुकानावरची पाटी बदलली म्हणून आतला माल बदलत नाही, तसेच हे आहे. गेस्टला खरे संरक्षण मिळते ते क्षमतांच्या बिटांमधून, आणि ते बिट सीपीयूआयडीतून वेगळे पोहोचतात.

उदाहरण घेऊ. मे २०१९ मध्ये एमडीएस नावाच्या दोषांचा गट जाहीर झाला. त्यावर उपाय असा होता की नव्या मायक्रोकोडमुळे 'व्हेरडब्ल्यू' ही जुनी सूचना प्रोसेसरमधले काही बफरही पुसते. ही सोय उपलब्ध आहे हे 'एमडी-क्लिअर' नावाचा सीपीयूआयडी बिट सांगतो. गेस्टपर्यंत हे संरक्षण पोहोचायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात : होस्टवर नवा मायक्रोकोड हवा, होस्टचा कर्नल व क्यूईएमयू यांना तो बिट ओळखीचा हवा, आणि गेस्टच्या '-सीपीयू' मध्ये तो बिट समाविष्ट हवा. यातली तिसरी गोष्ट राहून गेली, तर गेस्टमध्ये '/सिस/डिव्हायसेस/सिस्टिम/सीपीयू/व्हल्नरेबिलिटीज' या फोल्डरमधली एमडीएसची फाइल सांगते की बफर पुसण्याचा प्रयत्न केला, पण मायक्रोकोड नाही. हा संदेश वाचून 'यूकोड-रेव्ह' वाढवण्याचा मोह होतो. वाढवून पाहा, संदेश तसाच राहील, कारण कर्नल इथे आवृत्ती पाहतच नाही, बिट पाहतो. उपाय आहे तो '-सीपीयू' मध्ये 'एमडी-क्लिअर' जोडण्याचा, तोही होस्टवर योग्य मायक्रोकोड असेल तरच.

तपासणी करणारी काही साधने मात्र गेस्टमध्ये बसून नुसता आवृत्तीचा आकडा वाचतात आणि लाल खूण देतात. मोठा आकडा देऊन ती खूण हिरवी करणे एका ओळीचे काम आहे, आणि माझ्या मते ते करू नये. उद्या होस्टचा मायक्रोकोड खरोखरच जुना निघाला, तर ते सांगणारे कोणी उरणार नाही. २०२५ मध्ये लिनक्सच्या ६.१६ आवृत्तीत 'मायक्रोकोड जुना आहे का' हे सांगणारी नवी फाइल आली. तिने या बाबतीत प्रामाणिक भूमिका घेतली आहे : गेस्टमध्ये चालत असेल, तर ती जुना किंवा नवा असे काहीच न म्हणता, हायपरवायझरखाली असल्याने ठाऊक नाही, असे उत्तर देते.

मग गरज केव्हा

पहिली वेळ वर आलीच आहे : हायपरवायझरचा बिट न पाहता आवृत्ती तपासणारा गेस्ट. याचाच दुसरा प्रकार म्हणजे आपणच तो बिट लपवणे. काही जण '-सीपीयू होस्ट,हायपरवायझर=ऑफ' असे लिहितात, जेणेकरून गेस्टमधल्या एखाद्या प्रोग्रामला आपण व्हर्च्युअल मशीनमध्ये आहोत हे कळू नये. ठरावीक मॉडेलबरोबर असे केले, की आवृत्ती १ आणि हायपरवायझर नाही, असे चित्र गेस्टपुढे उभे राहते. मग लिनक्स भौतिक यंत्रासाठीच्या साऱ्या तपासण्या करू लागतो. टीएससी-डेडलाइन टायमर हे त्याचे ठळक उदाहरण. काही इंटेल मॉडेलांवर या टायमरमध्ये चूक होती आणि ती ठरावीक आवृत्तीच्या मायक्रोकोडने सुधारली. आवृत्ती त्याहून लहान दिसली, की कर्नल टायमर बंद करतो आणि मायक्रोकोड अद्ययावत करा असे बजावतो. होस्टवर तो अद्ययावत असतोच. गेस्टला फक्त ते सांगायचे राहिलेले असते. अशा वेळी होस्टची खरी आवृत्ती 'यूकोड-रेव्ह' मध्ये देणे हाच योग्य मार्ग.

दुसरी वेळ चालू मशीन एका होस्टवरून दुसऱ्यावर हलवण्याची. 'यूकोड-रेव्ह' दोन्ही बाजूंच्या क्यूईएमयूला वेगवेगळा मिळतो. दोन्हीकडे '-सीपीयू होस्ट' असेल आणि होस्टांवरचे मायक्रोकोड वेगळे असतील, तर त्याच गेस्टला रजिस्टरमध्ये आधी एक आणि नंतर दुसरा आकडा मिळतो. लिनक्स सुरू होताना वाचलेला आकडा लक्षात ठेवतो, म्हणून '/प्रॉक/सीपीयूइन्फो' मध्ये जुनाच आकडा दिसत राहतो आणि गोंधळ वाढतो. अनेक होस्ट असतील तर ठरावीक मॉडेल घेऊन मूळचाच आकडा राहू द्यावा. बदलायचाच असेल तर सर्व होस्टांवर एकच द्यावा, आणि तो त्यातल्या सर्वांत जुन्या मायक्रोकोडचा असावा.

तिसरी वेळ मला विद्यार्थ्यांसाठी सर्वांत उपयोगाची वाटते. आवृत्ती तपासणारा कोड आपण लिहिला किंवा वाचला, तर तो पारखायला जुन्या मायक्रोकोडचा प्रोसेसर कुठून आणायचा? 'यूकोड-रेव्ह' मुळे तो आणावा लागत नाही.

स्वाध्याय

यासाठी केव्हीएम असलाच पाहिजे असे नाही; क्यूईएमयू नुसत्या सॉफ्टवेअरनेही गेस्ट चालवतो, फक्त सावकाश. एखादे छोटे लिनक्स '-सीपीयू क्यूईएमयू६४' ने सुरू करा आणि मायक्रोकोडचा आकडा टिपून घ्या. प्रोसेसर कोणत्या कंपनीचा दिसतो, आणि आकडा त्याच्याशी जुळतो का? आता '-सीपीयू हॅसवेल' ने सुरू करून आकडा पुन्हा टिपा. मग त्याच मॉडेलला 'यूकोड-रेव्ह' मध्ये ०एक्स२८ ही आवृत्ती द्या : एकदा नुसतीच आणि एकदा पुढे आठ शून्ये जोडून. दोन्ही वेळी '/प्रॉक/सीपीयूइन्फो' मध्ये काय फरक पडला, आणि 'व्हल्नरेबिलिटीज' फोल्डरमधल्या फाइलींत काही बदलले का, ते लिहून ठेवा. शेवटी 'हायपरवायझर=ऑफ' जोडा आणि 'डीमेसेज' मध्ये कोणते नवे इशारे आले ते शोधा.